उशिराचे अर्ज

महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयात दहा-बारा वर्षे जुन्या दाव्याची फाईल मागवा आणि निशाण्या वाचत जा. निशाणी १ म्हणजे वादपत्र, निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हे वकिलाच्या कारकुनालाही पाठ असते. त्यापुढे गर्दी सुरू होते. मुदत अर्ज, ‘नो डब्ल्यू. एस.’चा हुकूम रद्द करण्याचा अर्ज, वादपत्र दुरुस्तीचा अर्ज, कागद दाखल करण्याची परवानगी, मयताचे वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज, साक्षीदारांची यादी उशिरा देण्याचा अर्ज. आणि बहुतेकांवर तीच एक ओळ: दुसऱ्या बाजूने म्हणणे द्यावे. मूळ भांडण बांधाचे असो की दुकानाच्या गाळ्याचे, ते या निशाण्यांखाली दबून बसलेले असते.

साक्षीपुरावा सुरू होण्याआधी उशिरा आलेल्या अशा अर्जांचे न्यायालये काय करतात, एवढाच या पुस्तकाचा विषय. ऐकायला रुक्ष आहे, हे कबूल. पण वडिलांनी लावलेला वाटपाचा दावा मुलगा चालवतो आहे आणि मुद्दे अजून निघायचेच आहेत, अशी घरे आपल्या तालुक्या-तालुक्यात आहेत. हे दावे का रखडले याचे उत्तर अंतिम निकालांच्या जाडजूड ग्रंथांत मिळत नाही. ते या मधल्या अर्जांत आणि त्यांच्या रोजनाम्यात मिळते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढची पाने त्यावर घासून पाहता येतील. अर्ज किती उशिरा आला, याचा हिशेब आपली न्यायालये शंभराहून अधिक वर्षे बारकाईने करत आली आहेत. आलेला अर्ज निकाली निघायला किती काळ गेला, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. पक्षकाराचे खरे नुकसान बहुतेक वेळा या दुसऱ्या काळात होते.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. ती अमलात आली १ जानेवारी १९०९ रोजी, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा शीलवंत या प्रकरणात निकाल दिला. दावा भागीदारीतल्या पैशाचा होता. वादीने मागणी चुकीच्या पद्धतीने मांडली होती, आणि दुरुस्तीची गरज लक्षात आली तोवर नवा दावा लावायची मुदत उलटून गेली होती. न्या. बीमन आणि न्या. बॅचलर यांनी तरीही दुरुस्ती योग्य ठरवली. बॅचलर यांनी त्या वेळी दोन कसोट्या सांगितल्या. दुरुस्तीने दुसऱ्या बाजूवर अन्याय होऊ नये, आणि पक्षकारांमधला खरा वाद निकाली काढायला ती आवश्यक असावी. अन्याय म्हणजे खर्च देऊन भरून निघणार नाही असे नुकसान. खर्चाला औषध मानण्याची ही कल्पना मुळात विलायतेची. १८८४ च्या क्रॉपर विरुद्ध स्मिथ या प्रकरणात न्या. बोवेन यांनी ती मांडली होती. पुढे १९५७ मध्ये पिरगोंडा होनगोंडा पाटील विरुद्ध कलगोंडा शिदगोंडा पाटील या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईची ही कसोटी उचलून धरली. वादपत्र दुरुस्तीवर युक्तिवाद करणाऱ्या वकिलाची या दोन पाटलांशी आजही गाठ पडते.

याच सुमारास दुसरा एक निकाल आला, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस तोवर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९५५ मध्ये संग्राम सिंग विरुद्ध इलेक्शन ट्रिब्युनल, कोटा या प्रकरणात त्यांच्यापुढे प्रश्न होता, एका तारखेला गैरहजर राहिल्यामुळे ज्याच्याविरुद्ध एकतर्फा हुकूम झाला, त्याने पुढच्या तारखेला यायचेच नाही का? बोस यांचे उत्तर असे की कार्यपद्धती न्याय सोपा व्हावा म्हणून असते, चालणाऱ्याला पाय घालून पाडण्यासाठी नसते. आलेल्या माणसाला त्या टप्प्यापासून पुढे भाग घेता येईल. मागचे घड्याळ उलटे फिरवायचे असेल तर मात्र सबळ कारण दाखवावे लागेल. उशिरा आलेल्याला दार बंद करायचे नाही, पण जे होऊन गेले ते फुकटात पुसायचेही नाही, हा तोल मला अजूनही योग्य वाटतो.

पुढची चाळीस वर्षे या उदारपणावर गेली, आणि त्याचा गैरफायदाही भरपूर घेतला गेला. संसदेने १९९९ च्या सुधारणा कायद्यात वादपत्र-कैफियत दुरुस्तीचा नियमच, म्हणजे आदेश ६ नियम १७, गाळून टाकला. रोगावर उपाय म्हणून अवयव कापावा तसे हे झाले. वकिलांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, कायदा लागू व्हायचा थांबला, आणि २००२ मध्ये पुन्हा दुरुस्ती होऊन १ जुलै २००२ पासून नवी व्यवस्था आली. नियम १७ परत आला, पण परंतुक जोडून. ट्रायल सुरू झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज मंजूर करायचा नाही. योग्य ती तत्परता दाखवूनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, अशी न्यायालयाची खात्री झाली तरच अपवाद. जुलै २००२ पूर्वी दाखल झालेल्या वादपत्रांना आणि कैफियतींना हे परंतुक लागू नाही. हे विसरून अजूनही युक्तिवाद होतात.

इथून सगळी लढाई एका प्रश्नावर येऊन थांबली, ट्रायल सुरू होते कधी? संहितेने त्याची व्याख्या दिली नाही. २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, मुद्दे काढून दावा पुराव्यासाठी नेमला की ट्रायल सुरू. २००६ मध्ये बलदेव सिंग विरुद्ध मनोहर सिंग या निकालाने शब्दाचा अर्थ आखडता घेतला आणि साक्षीदार तपासणे, कागद दाखल होणे, युक्तिवाद अशा प्रत्यक्ष सुनावणीकडे बोट दाखवले. २००८ च्या अखेरीस विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालात सांगितले गेले की सरतपासाचे प्रतिज्ञापत्र दाखल झाले म्हणजे ट्रायल सुरू झाली. तत्परतेबद्दल खात्री पटल्याशिवाय त्यानंतर दुरुस्ती मंजूर करायचा अधिकारच न्यायालयाला उरत नाही.

तीन निकाल, तीन रेषा. आपल्याकडे मुद्दे निघाल्यापासून वादीचे प्रतिज्ञापत्र दाखल होईपर्यंत कित्येक तारखा जातात, आणि दुरुस्तीचे अर्ज नेमके त्या मोकळ्या पट्ट्यात येऊन पडतात. एक वकील कैलाश वाचतो, दुसरा बलदेव सिंग, आणि न्यायाधीशांना दोघांचेही ऐकावे लागते. माझ्या मते विद्याबाईची रेषा व्यवहाराला सगळ्यात सोयीची आहे. प्रतिज्ञापत्र कोणत्या दिवशी दाखल झाले हे रोजनाम्यात एका ओळीत दिसते, त्यावर वाद घालायला जागा उरत नाही. ती थोडी पुढे सरकलेली आहे, आळशी पक्षकाराला चार तारखा जास्त देते, हा आक्षेप खरा. पण जिच्यावर भांडावे लागते अशा कडक रेषेपेक्षा डोळ्यांना दिसणारी सैल रेषा परवडते.

रेषेच्या अलीकडे आलेल्या अर्जांचे काय? तिथे जुना उदारपणा बऱ्यापैकी शाबूत आहे. संपत कुमार विरुद्ध अय्याकन्नू (२००२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ट्रायलपूर्वीची दुरुस्ती अधिक सढळपणे द्यावी, कारण समोरच्याला उत्तर द्यायला पूर्ण संधी शिल्लक असते. कैफियतीच्या दुरुस्तीला तर आणखी सैल माप लावले जाते. आपल्याच राज्यातल्या उषा बाळासाहेब स्वामी विरुद्ध किरण अप्पासो स्वामी (२००७) या प्रकरणात म्हटले गेले की प्रतिवादीला बचावाचा नवा किंवा आधीच्याशी विसंगत मुद्दाही घेता येतो. वादीला दाव्याचे कारण असे बदलता येत नाही. दिलेली कबुली सरळ मागे घेऊन वादीचा आधार काढून टाकायला मात्र मोदी स्पिनिंग (१९७६) या निकालाने मनाई केली आहे. या दोन निकालांमधली वाट अरुंद आहे, आणि पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण तिच्यावरच खर्ची पडले आहे.

कैफियत वेळेत न देणे हा आपल्याकडचा सर्वाधिक रुळलेला उशीर. आदेश ८ नियम १ प्रमाणे समन्स बजावल्यापासून ३० दिवस, आणि लेखी कारणे नोंदवून जास्तीत जास्त ९० दिवस. वाचताना वाटते, ९१ व्या दिवशी दार बंद. पण कैलाश निकालाने आणि त्याच वर्षीच्या सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालाने हा नियम मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असे ठरवले. सवलत अपवाद म्हणून द्यायची, सरसकट नाही, असेही बजावले. प्रत्यक्षात अपवाद सरसकट झाला. ‘नो डब्ल्यू. एस.’चा हुकूम, मग तो रद्द करायचा अर्ज, मग शे-पाचशे रुपये खर्चावर मंजुरी, ही आता जवळजवळ रीतच आहे. मुदतीच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना शेवट ठाऊक असतो.

व्यापारी दाव्यांत चित्र नेमके उलटे. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याने १२० दिवसांची शेवटची हद्द घातली. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो, आणि २०१९ मध्ये एस. सी. जी. कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध चमणकर इन्फ्रास्ट्रक्चर या निकालाने ही हद्द बंधनकारक असल्याचे सांगितले. पुढच्या वर्षी देश राज विरुद्ध बालकिशन या निकालाने साध्या दाव्यांना मात्र जुनीच सवलत चालू राहील हे स्पष्ट केले. आता यातली गंमत पाहा. व्यापारी दाव्याच्या किमतीची मर्यादा २०१८ मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आली. म्हणजे चार लाखांच्या मालाच्या बिलावरून अडकलेला छोटा दुकानदार १२१ व्या दिवशी कैफियतीला मुकतो, आणि कोट्यवधींच्या जमिनीच्या वाटपातला प्रतिवादी दोन वर्षांनी येऊन हजार रुपये भरून आत शिरतो. शिस्त असावी, याला माझी ना नाही. पण ती वादाच्या स्वरूपावर न ठरता दाव्याच्या शिक्क्यावर ठरावी, हे पटत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. वादीने वादपत्रासोबत आणि प्रतिवादीने कैफियतीसोबत कागद द्यायचे. नंतरचे कागद न्यायालयाच्या परवानगीने. सुगंधी विरुद्ध पी. राजकुमार (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा परवानगीत फार ताणू नये असे सांगितले, आणि ते योग्यच आहे. जुना फेरफार तलाठी कार्यालयातून मिळवायला जो काळ लागतो, त्यावर पक्षकाराचा ताबा नसतो. नक्कल मिळावी म्हणून दिलेल्या अर्जाची पोच जोडली तर असा उशीर चार ओळींत समजावता येतो. बहुतेक जण ती पोच जोडत नाहीत.

कडकपणाने काय होते, हे पाहायचे तर इंग्लंडचा एक अनुभव बोलका आहे. २०१३ मध्ये तिथल्या अँड्र्यू मिचेल या खासदाराच्या बदनामीच्या दाव्यात त्याच्या वकिलांनी खर्चाचे अंदाजपत्रक सात दिवस आधी द्यायचे ते सुनावणीच्या आदल्या दिवशी दिले. शिक्षा म्हणून त्याचा वसूल होऊ शकणारा खर्च फक्त कोर्ट फीपुरता मर्यादित झाला, आणि अपील न्यायालयाने ते कायम केले. झाले, समोरच्याच्या प्रत्येक बारीकसारीक चुकीवर अर्ज टाकायची चढाओढ सुरू झाली. शिस्तीसाठी केलेल्या निकालातून नवीच भांडणे उगवली. जुलै २०१४ मध्ये डेंटन प्रकरणात त्याच न्यायालयाला खुलासा करावा लागला. चूक किती गंभीर, कारण काय आणि एकूण परिस्थिती कशी, अशा तीन पायऱ्यांनी विचार करा, आणि उगाच संधी साधणाऱ्या विरोधकालाही खर्चाचा फटका द्या. शेवटचा भाग आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. न टिकणारा विरोध करून सहा महिने खाणाऱ्यावर खर्च बसवल्याचे हुकूम शोधावे लागतात.

खर्चाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो, बोवेन यांचे औषध आपल्याकडे पाण्यात विरघळून गेले आहे. खोट्या किंवा त्रासदायक मागणीबद्दल भरपाईचा खर्च देणाऱ्या कलम ३५अ ची मर्यादा साध्या दाव्यांत आजही तीन हजार रुपये आहे. ती वाढवावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या संजीव कुमार जैन निकालात सुचवूनही. उशीर करणाऱ्यासाठीचे कलम ३५ब खरे म्हणजे धारदार आहे. तारीख वाया घालवणाऱ्याने दुसऱ्या बाजूचा वाजवी खर्च द्यायचा, आणि पुढच्या तारखेला तो दिल्याशिवाय त्याला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. पण वकिलाची फी, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा अंदाज न घेता गोल आकडा लिहिला की धार जाते. अहमदपूरहून लातूरला तारखेसाठी येणाऱ्या माणसाचा दिवस दोनशे रुपयांत भरून निघत नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. भारतीय आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स या प्रकरणाकडे सगळे दुरुस्तीच्या उदारपणाचा आधुनिक दाखला म्हणून पाहतात. करार १९७९ चा, मुंबई उच्च न्यायालयातला दावा १९८६ चा, आणि नुकसानभरपाईची पर्यायी मागणी एक कोटी एक लाखावरून चारशे कोटी एक लाखावर नेण्याचा दुरुस्ती अर्ज २०१७ चा. एकतीस वर्षांचा उशीर. उच्च न्यायालयाने दुरुस्ती दिली आणि १ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. केवळ उशीर हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, हे तत्त्व त्यात पुन्हा ठामपणे आले. सगळे त्या एकतीस वर्षांवर बोलतात. मला पुढची पाच दिसतात. २०१७ ते २०२२ हा काळ दुरुस्ती बरोबर की चूक हे ठरवण्यात गेला. दुरुस्ती पहिल्याच दिवशी मंजूर झाली असती किंवा पहिल्याच दिवशी फेटाळली गेली असती, तरी तेवढ्या अवधीत कितीतरी पुरावा नोंदवून झाला असता.

हे होते कसे, तेही पाहू. खालच्या न्यायालयात अर्ज आला की म्हणणे देण्यासाठी तारीख, युक्तिवादासाठी तारीख, हुकुमासाठी तारीख. मग नाराज पक्षकार वर जातो. २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ११५ खालचे पुनरीक्षण असल्या मधल्या हुकुमांना जवळजवळ बंद केले. उद्देश चांगला होता. पण पुढच्याच वर्षी सूर्य देव राय निकालाने राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ ची वाट उघडी असल्याचे सांगितले, आणि गर्दी तिकडे वळली. आज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि २०२५ पासून कोल्हापूर इथे बसणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयापुढे अनुच्छेद २२७ खालच्या याचिकांत दुरुस्ती आणि कैफियतीचे अर्ज ठासून भरलेले असतात. याचिका दाखल झाली की स्थगिती, आणि स्थगिती मिळाली की मूळ दावा झोपतो. दिवाणी-फौजदारी स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल, असे २०१८ च्या एशियन रिसरफेसिंग निकालाने ठरवले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते रद्द केले. कायद्याच्या दृष्टीने नवा निकाल बरोबर असेल. स्थगिती मिळालेल्या पक्षकाराचा त्यात काय दोष, हा प्रश्न रास्तच होता. पण खालचा दावा पुन्हा अनिश्चित काळासाठी थांबू शकतो, हेही तितकेच खरे.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक निकालाखाली शक्य तिथे दोन तारखा दिल्या आहेत, अर्जाची आणि त्यावरच्या शेवटच्या हुकुमाची. निकालांच्या इतर संग्रहांत दुसरी तारीख सहसा कुणी पाहत नाही. ती पाहिली की लक्षात येते, ‘उदार’ आणि ‘कडक’ हा झगडा वाटतो तेवढा महत्त्वाचा नाही. चटकन दिलेला कडक हुकूम सहन होतो, चटकन दिलेला उदार हुकूमही. पक्षकाराला मारते ते लोंबकळणे.

यात वकिलांचा वाटा मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ‘सदर बाब नजरचुकीने नमूद करावयाची राहून गेली’ या एका वाक्यावर अर्ज उभे केले जातात. परंतुक तत्परता मागते, आणि तत्परता तारखांनी सिद्ध होते. माहिती कधी मिळाली, कागद कधी मागितला, कधी हाती आला, त्यानंतर किती दिवसांत अर्ज केला, एवढे लिहिले तर न्यायाधीशाला कारण देता येते, आणि कारण असलेला हुकूम वरच्या न्यायालयात टिकतो. मंजूर दुरुस्ती प्रत्यक्ष करून घ्यायलाही लोक विसरतात. आदेश ६ नियम १८ प्रमाणे न्यायालयाने दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत, ती वादपत्रात उतरवावी लागते. राहिली तर मुदत वाढवून मागायचा आणखी एक अर्ज, आणखी एक निशाणी.

पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्या नव्या वकिलांना एक विनंती. अर्ज टाकायच्या दिवशीच त्याची नक्कल समोरच्या वकिलाला द्या, कारणांचे कागद सोबत जोडा, आणि त्याच तारखेला युक्तिवादाची तयारी ठेवून उभे राहा. म्हणणे द्यायला समोरून तारीख मागितली गेली तर कलम ३५ब खाली खर्च मागा, आणि तो मागितल्याची नोंद रोजनाम्यात करून घ्या.